कुजबुजणाऱ्या मावशी

मिशिगनमधल्या ट्रॉयला आम्ही राहतो त्या अपार्टमेंटच्या तळघरात कपडे धुवायची सामायिक खोली आहे. एका मंगळवारी दुपारी तिथल्या ड्रायरमध्ये माझ्या परकराची नाडी अडकली. मी पाय रोवून ती ओढत होते, तेवढ्यात अगदी कानाशी कुणीतरी इंग्रजीत कुजबुजलं, "ओढू नको. गोल फिरव."

मी किंचाळले. वळून पाहिलं तर कानाशी कुणीच नाही. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बाकावर एक बाई बसल्या होत्या. पांढरे, बारीक कापलेले केस, निळा ट्रॅकसूट, मांडीवर चादरींच्या घड्या. त्यांचे ओठ जेमतेम हलले, आणि पुन्हा माझ्या कानात आवाज आला, "गोल."

मी ड्रम गोल फिरवला. नाडी सुटली.

"तुम्ही इतक्या लांबून इतकं हळू कसं काय बोलता?" मी विचारलं.

"नोकरी," त्या म्हणाल्या. "मी नाटकात प्रॉम्प्टर आहे."

मला वाटलं, डेट्रॉइटच्या एखाद्या थिएटरात जात असतील. मग कळलं की 'आहे'चा अर्थ तसा नव्हता. मावशींच्या इंग्रजीत फक्त वर्तमानकाळ होता. लायब्ररीतल्या फुकट वर्गात त्या वर्तमानकाळापर्यंत पोचल्या, तेवढ्यात नातीला दात यायला लागले आणि वर्ग सुटला. भूतकाळ, भविष्यकाळ राहूनच गेले. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्टही त्या आत्ता समोर घडतेय अशी सांगायच्या.

त्यांना मावशी मीच म्हणायला लागले. आमच्याकडे या वयाच्या बाईला नावानं हाक मारत नाहीत, हे समजावलं तर त्यांना ते फार पटलं. खरं सांगायचं तर त्यांना मी आधी लिफ्टमध्ये कितीदा तरी पाहिलं असणार. पण मला आठवत होती ती लाल बाबागाडी. ती ढकलणारं माणूस काही आठवत नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या खूश होऊन म्हणाल्या, "बरोबर! प्रॉम्प्टर दिसत नाही. दिसली तर वाईट प्रॉम्प्टर."

त्या वर्षी व्हिसामुळे मला नोकरी करायला परवानगी नव्हती. नवरा सकाळी मोटारींचं सॉफ्टवेअर लिहायला निघून जायचा आणि मी घरातल्या स्वच्छ कपड्यांकडे संशयानं बघायला लागायचे, कारण मंगळवारी तळघरात न्यायला काहीतरी मळलेलं हवं ना. एकदा तर मी घडी न मोडलेले टॉवेल घेऊन गेले. "हे ओले नाहीत, मळलेले नाहीत," मावशी त्यांचा वास घेऊन म्हणाल्या. "बस."

अशी मी मावशींची गोष्ट मशीनच्या घरघरीत ऐकली.

कझाकस्तानातलं एक कारखान्यांचं गाव. आजूबाजूला मैलोन्‌मैल गवत, मधोमध इनॅमलची भांडी बनवणारा मोठा कारखाना, आणि कामगारांसाठी सरकारनं बांधलेलं खांबांचं थिएटर. तेव्हा सोव्हिएत युनियन होतं, आणि त्या थिएटरच्या रंगमंचाला पुढच्या बाजूला एक खड्डा होता. वर लाकडी टोपण, प्रेक्षकांकडे पाठ, नटांकडे तोंड. त्या खड्ड्यात तरुण मावशी बसायच्या. नजरेच्या रेषेत नटांचे बूट.

"मी सगळ्यांना बुटांवरून ओळखते," त्या म्हणाल्या. "राजाचे बूट फाटके आहेत. खलनायक पाय धूत नाही."

मुख्य नट म्हणजे त्यांचा नवरा. उंच, देखणा, आवाज असा की मागच्या रांगेतल्या बायकांच्या छातीत थरथर व्हावी. फक्त त्याच्या डोक्यात वाक्यं राहत नसत. भर प्रवेशात तो अडायचा, मग सावकाश, विचारात बुडाल्यासारखा चालत खड्ड्यापाशी यायचा, मान खाली घालायचा. खालून मावशी वाक्य द्यायच्या. तो मान वर करायचा आणि ते वाक्य गर्जायचा. टाळ्या पडायच्या. गावच्या वर्तमानपत्रात छापून यायचं की या नटाच्या स्तब्धतेत माणसाच्या आत्म्याची खोली आहे.

"ती खोली मी आहे," मावशी म्हणाल्या. "दीड मीटर."

मी एवढी हसले की वरच्या मजल्यावरच्या बाई काय झालं बघायला खाली आल्या.

मग देश मोडला. मावशी हे असं सांगायच्या जसा एखादा खुर्चीचा पाय मोडतो. आधी थिएटरची हीटिंग बंद झाली. प्रेक्षक कोट-टोप्या घालून बसायचे आणि उन्हाळ्याच्या प्रवेशात नायिकेच्या तोंडातून वाफ यायची. मग पगार थांबला. सगळ्याच गावाचा थांबला. कारखान्याकडे द्यायला फक्त भांडी होती, म्हणून गावातल्या लोकांना पगार म्हणून भांडी मिळायला लागली. थिएटरवाल्यांनाही. मावशींच्या घरी निळ्या फुलांची पातेली छतापर्यंत रचलेली. त्यांची लहान मुलगी त्या पातेल्यांच्या मागे लपून खेळायची.

गावातले लोक निघून जायला लागले. कुणी जर्मनीला, कुणी रशियात. एका हंगामात, प्रयोग ऐन तोंडावर असताना, मुख्य नटी बॅगा भरून निघून गेली.

"सगळे स्टेजवर उभे आहेत," मावशी सांगायला लागल्या, आणि इथं त्यांनी हातातली चादर बाजूला ठेवली. "दिग्दर्शक विचारतो, तिचे संवाद कुणाला पाठ आहेत? मी खड्ड्यात आहे. मला पाठ आहेत. मला सगळ्यांचे पाठ आहेत. मी हात वर करते."

"मग?"

"तो बघतो. इकडे बघतो, तिकडे बघतो. माझ्या हातावरून बघतो. मग म्हणतो, काय करणार, कुणालाच पाठ नाहीत. प्रयोग रद्द."

"आणि तुमचा नवरा? तो तिथंच होता ना?"

"तिथंच. त्याचे बूट माझ्या नाकासमोर आहेत. बूट हलत नाहीत."

मशीन थांबलं तरी आम्ही दोघी उठलो नाही. मग मावशींनीच चादर पुन्हा मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "हात खाली आणायला मला फार वेळ लागतो. वाटतं, कुणी पाहिलं तर!"

त्या हिवाळ्यात थिएटर बंद पडलं आणि तिथं सोफासेटचं दुकान लागलं. नवरा घरी सोफ्यावर आडवा झाला. कलावंत पातेली विकत नसतो, असं त्याचं म्हणणं. मग ती पातेली घेऊन मावशी निघाल्या, स्टेडियमजवळच्या बाजारात. तिथं सगळं गाव काही ना काही विकत उभं होतं. शेजारी फिजिक्सच्या शिक्षिका मोजे विकत होत्या, पलीकडे दवाखान्यातली नर्स बॅटऱ्या. सगळ्या घसा फोडून ओरडत होत्या. मावशींनी तोंड उघडलं तर काय, आवाजच नाही. आयुष्यभर कुजबुजणं केलेलं. त्या कुजबुजल्या, "पातेली. चांगली पातेली."

आणि गंमत अशी झाली की गिऱ्हाईक थबकायला लागलं. इतक्या गलक्यात ही बाई हळू का बोलतेय? नक्कीच काहीतरी चोरीछुपे, खास माल असणार. लोक कान पुढे करून यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि तेच पातेलं, जे त्यांच्या स्वतःच्या घरी पगारात आलेलं होतं, कोटाखाली लपवून घेऊन जायचे.

"सगळ्यांच्या घरी तीच पातेली होती?" मी विचारलं.

"तीच. निळी फुलं. पण माझी गुप्त आहेत."

पातेली संपली तेव्हा मावशी फिजिक्सच्या बाईंबरोबर आगगाडीनं चीनमध्ये जायला लागल्या. तिकडून ट्रॅकसूट आणायचे आणि इकडे विकायचे. चौकड्यांच्या त्या अवाढव्य प्लॅस्टिकच्या पिशव्या, ज्या घेऊन आपल्याकडेही लोक गावी जातात, त्याच. सरहद्दीवर अंगावरच्या कपड्यांना कुणी हरकत घेत नसे, म्हणून दोघी एकावर एक असे इतके ट्रॅकसूट चढवायच्या की बसता यायचं नाही. एकदा मावशी डब्याच्या दारात अडकल्या. दोन शिपाई बाहेरून ओढतायत, फिजिक्सच्या बाई आतून ढकलतायत आणि ढकलता ढकलता घर्षणाचा नियम समजावून सांगतायत.

बाजारात मावशींचं बस्तान बसलं. लोक त्यांना ओळखायला लागले. कधी नव्हे ते लोक त्यांच्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणायला लागले, "तो बघ, ट्रॅकसूटवालीचा नवरा."

नवऱ्याला हे झोंबलं. मग मावशींनीच त्याला दुकानात घेतलं. बिचारा आवाज तरी कुठं वापरणार? व्यवस्था साधी होती. मावशी मागे पिशवीवर बसायच्या आणि कुजबुजायच्या. तो पुढे उभा राहून तेच गर्जायचा. "अस्सल कापड! धुतलं तरी रंग जात नाही!" बायका थरथरायच्या आणि ट्रॅकसूट घ्यायच्या. त्यातलीच एक, लोकरीच्या टोप्या विकणारी, जरा जास्तच थरथरली.

"एक दिवस तो सुटकेस घेऊन दारात उभा राहतो," मावशी म्हणाल्या. "मला सोडून चाललाय. मोठा प्रवेश आहे. तो तोंड उघडतो. आणि थांबतो."

"विसरला?"

"विसरतो! मला माहीत आहे त्याचं वाक्य काय आहे. असाच प्रवेश आम्ही नाटकात नेहमी करतो. तो माझ्याकडे बघतो. मान खाली करतो, तशीच, खड्ड्यापाशी करतो तशी. वाट बघतो."

"मग तुम्ही काय केलंत?"

मावशींनी दोन्ही ओठ घट्ट मिटून दाखवले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग म्हणाल्या, "काही नाही. मी बटाटे सोलते. तो उभा राहतो, उभा राहतो. मग तसाच जातो. वाक्य नाही, टाळी नाही. सुटकेस जिन्यावर आपटते, धाड धाड धाड."

मी विचारलं, वाईट नाही वाटलं? त्या म्हणाल्या, वाटतं. दोन हिवाळे वाटतं. मग एक दिवस फिजिक्सच्या बाई विचारतात, आज कशी आहेस, आणि आपण 'छान' म्हणतो आणि नंतर लक्षात येतं की हे खोटं नाही.

ट्रॅकसूटच्या जोरावर मुलगी शिकली, इंजिनियर झाली, तिथल्याच एका इंजिनियरशी लग्न करून मिशिगनला आली. नात झाली तेव्हा तिनं आईला बोलावून घेतलं. मुलगी गुणाची. पण सकाळी सातला दोघं नवरा-बायको बाहेर, संध्याकाळी जेवताना दोघांच्या हातात फोन. मावशींना आपण परत टोपणाखाली गेलो असं वाटायला लागलं. फरक एवढाच की आता समोर बूट नव्हते, छोटे सँडल होते.

त्याच सुमाराला आमच्या मराठी मंडळाच्या, हॉल न मिळाल्यानं डिसेंबरात ढकललेल्या दिवाळी कार्यक्रमाचं नाटक ठरलं. लेखक-दिग्दर्शक नागपूरचे एक काका. नाटकाचा विषय असा की मुलगा गोऱ्या मुलीशी लग्न ठरवतो आणि दोन्हीकडची मंडळी पोहे खायला जमतात. मुलाच्या मिशाळ बापाचं काम माझ्या नवऱ्याकडे आलं, कारण त्याला खोटी मिशी शोभते. त्याला वाक्यं पाठ होत नाहीत हे फक्त मला माहीत होतं. म्हणून मी मुकाट्यानं प्रॉम्प्टिंग घेतलं.

तालीम काकांच्या गॅरेजमध्ये व्हायची. बाहेर बर्फ, आत एक छोटा हीटर आणि त्याच्याभोवती कोंडाळं करून 'मे महिन्यातली दुपार' करणारे सगळे. हे ऐकून मावशी हट्टानं बरोबर आल्या. उन्हाळ्याच्या प्रवेशात तोंडातून वाफ निघताना बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी हीटर स्वतःच बंद केला.

मी काकांना सांगितलं, "या मावशी जन्मभर थिएटरात प्रॉम्प्टर होत्या. मराठी येत नाही, पण मला थोडं शिकवतील."

"अरे वा! मग त्यांनाच बसवू की विंगेत," काका म्हणाले. "मराठी येत नाही म्हणता? यांनाही कुठं धड येतं!" आणि त्यांनी आमच्या नटांकडे हात केला.

मी भाषांतर केलं. मावशींनी शांतपणे मान हलवली. "नाही. खड्डा पुरे. मला काम पाहिजे. स्टेजवर. उजेडात."

आणि मावशींनी हात वर केला. खांद्यापर्यंत नाही, पूर्ण वर.

काकांना त्या हाताची गोष्ट माहीत नव्हती. मला होती, आणि मी काकांकडे बघत राहिले. काकांनी हाताकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, मग कपाळावर हात मारला. "बाप्पा! आपली गोरी विहीणबाई! घरात बसल्या आहेत अन् मी त्या कुळकर्ण्यांच्या पोरीला सोनेरी टोप घालायला लावतो!"

मावशींना एक वाक्य मिळालं. "नमस्कार, मला पोहे फार आवडतात." त्या ते घरात, लिफ्टमध्ये, बाबागाडी ढकलताना म्हणायला लागल्या. नातही म्हणायला लागली. जावयानं मला पार्किंगमध्ये गाठून विचारलं की पोहे म्हणजे नक्की काय आणि ते घरी आणल्यावर हे थांबेल का.

अडचण एकच होती. आवाज. मावशी ते वाक्य सुंदर कुजबुजायच्या. मग आम्ही दोघी मोकळ्या पार्किंगमध्ये, बर्फाच्या ढिगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून ओरडण्याचा सराव करायला लागलो. मी एका बाजूनं "नमस्कार!" आणि त्या दुसऱ्या बाजूनं. पहिल्या दिवशी खोकला झाला. चौथ्या-पाचव्या खेपेला कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजला आणि मावशी लहान मुलीसारख्या टुणकन उडाल्या. "मी! हे मी करते!"

कार्यक्रम एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होता. फराळाचे डबे, रेशमी साड्यांवर फुगलेले हिवाळी कोट, इंग्रजीत भांडणारी मराठी मुलं. तिसऱ्या रांगेत मावशींची लेक, जावई आणि नात.

मावशींचा प्रवेश झाला. काकांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, दिलेलं पैठणीचं जॅकेट घातलेलं. त्या पुढे आल्या, थांबल्या आणि छताकडे बघून म्हणाल्या, "नमस्कार! मला पोहे! फार! आवडतात!" टाळ्या, शिट्ट्या. झालं, त्यांचं काम संपलं. त्या सोफ्यावर जाऊन बसल्या.

आता माझ्या नवऱ्याचं मोठं भाषण. तो मध्यभागी आला, मिशीवर ताव दिला, तोंड उघडलं. आणि थांबला.

मी विंगेतून वाक्य दिलं. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा दिलं. त्यानं घाबरून माझ्याकडे बघितलं, आणि घाबरलेल्या माणसाला कान नसतात. मिशीचं एक टोक सुटून लोंबायला लागलं. प्रेक्षकांत खोकले सुरू झाले.

सोफ्यावर मावशी चुळबुळल्या. मला त्यांचे ओठ दिसत होते. ते हलले. मग मिटले. त्यांनी एकदा माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं आता कुजबुजतील.

त्या उठल्या. दणादण चालत मध्यभागी आल्या, माझ्या नवऱ्याला कोपरानं बाजूला सारलं, आणि पार्किंगमधल्या आवाजात गर्जल्या, "मी या मिशीची शपथ घेऊन सांगतो! या घरात सुनेला कुणी एक शब्द बोलला, तर त्याची गाठ माझ्याशी आहे!"

'सांगतो'. आणि 'मिशी' म्हणताना त्यांनी स्वतःच्या गुळगुळीत ओठांवर ताव दिला, कारण तालमीत माझा नवरा तिथं देत असे. त्यांना शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. सगळं नाटक त्यांना आवाजानं पाठ होतं.

लोक अक्षरशः खुर्च्यांवरून घसरले. नाटकातल्या माझ्या नवऱ्याच्या बायकोला, म्हणजे काकूंना, वेळेवर सुचलं. त्या पदर खोचून म्हणाल्या, "ऐकलंत? विहीणबाईंनी मिशी लावली, आता तुम्ही बांगड्या भरा!" टाळ्या थांबेनात. मावशी थांबायलाही तयार नव्हत्या. त्यांनी भाषण पुरं केलं, त्याला काकूंनी द्यायचं उत्तरही स्वतःच दिलं, आणि पडदा पडताना सगळ्यांच्या पुढे येऊन इतक्या वेळा वाकल्या की शेवटी काकांनी त्यांना मागून जॅकेट धरून ओढलं.

नंतर फराळाच्या टेबलापाशी लेक आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती आईला मिठी मारून त्यांच्या भाषेत काहीतरी बराच वेळ बोलली. मी विचारलं, काय म्हणते?

"म्हणते, मम्मा, तुला इतका मोठा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं." मावशींनी चकलीचा तुकडा मोडला. "आणि म्हणते, घरी नको."

पण घरीही फरक पडला. मंगळवारचे कपडे जावई धुवायला लागला. मावशी पुन्हा इंग्रजीच्या वर्गाला गेल्या आणि भूतकाळ शिकून आल्या. मला त्याचं जरा वाईटच वाटलं. आता त्या "नवरा गेला" म्हणायच्या, आणि तो जिन्यावरून धाडधाड जाताना मला दिसायचा नाही.

पुढच्या वर्षी जावयाला ॲरिझोनात, चँडलरला, चिपच्या कंपनीत नोकरी लागली आणि ती मंडळी तिकडे गेली. मलाही तोवर नोकरीची परवानगी मिळाली होती. फोन व्हायचे, पण आठवड्याचे महिने झाले.

गेल्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तिकडच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी बोलत होत्या. पुण्याच्या असाव्यात, फार अदबीनं बोलत होत्या.

"अहो, जरा विचित्र वाटेल, पण विचारते हं. आमच्या नाटकाच्या मीटिंगला एक गोऱ्या बाई आल्यात. म्हणतात, मी मराठी रंगभूमीवरची सीनियर नटी आहे. चौकशीला तुमचा नंबर दिलाय. हे खरं आहे का?"

"अगदी खरं," मी म्हटलं.

"मराठी येतं त्यांना?"

"येतं की. पुरुषांचं येतं."

त्या बाई हळूच म्हणाल्या, "नाही, म्हणजे, त्यांना आम्ही आजीचं छोटंसं काम देऊ केलं. पण त्या म्हणतायत, इन्स्पेक्टरचं द्या."